साप दुसऱ्यांदा चावला तर?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात लावणी चालू असताना वडिलांना फुरसं चावलं. सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं दिली, बरे झाले. आता शेजारी म्हणतात, 'एकदा विष पचवलंय, पुन्हा बाधायचं नाही.' गोवर एकदा झाला की परत होत नाही, तसंच हे असतं का? – एक वाचक, वैशाखरे (ता. मुरबाड)

उत्तर : नाही. पुन्हा चावलं, तर तितक्याच घाईनं दवाखाना गाठायचा.

गोवराचा विषाणू अंगात शिरला की शरीराला सवड मिळते. आठ-पंधरा दिवसांत पांढऱ्या पेशी त्याला नेमकी धरणारी प्रतिपिंडं तयार करतात आणि त्यांतल्या काही पेशी ही ओळख जन्मभर जपतात. फुरशाचं विष काही तासांतच रक्त गोठेनासं करतं; हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं. तेवढ्यात प्रतिपिंडं कुठून तयार होणार?

म्हणून ती घोड्याकडून उसनी आणावी लागतात. परळची हाफकिन संस्था या कामासाठी पूर्वीपासून ओळखली जाते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला आधी अगदी सूक्ष्म मात्रेत टोचतात, मग काही आठवडे मात्रा वाढवत नेतात. माणसाला न मिळालेली सवड घोड्याला मिळते. त्याच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडं शुद्ध करून कुपीत भरतात. वडिलांना वाचवलं ते यांनीच, पण काही आठवड्यांत ती अंगातून निघून जातात. विषाविरुद्ध थोडीफार प्रतिपिंडं त्यांच्या शरीरानंही केली असतील. त्यांच्या भरवशावर राहू नये. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालासुद्धा त्याची लस घ्यावीच लागते, कारण धनुर्वाताचं जीव घेणारं विष इतकं कमी असतं की शरीराला त्याची ओळखच पटत नाही.

शेजाऱ्यांचा समज कशातून आला असेल, याचा अंदाज बांधता येतो. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. दुसरा चावा असा कोरडा निघाला, तर माणूस आपसूक बरा होतो आणि यश आधी पचवलेल्या विषाच्या पदरात पडतं.

आणखी एक. घोड्याचं प्रथिन आपल्या शरीराला परकंच वाटतं. त्यामुळे इंजेक्शननंतर लगेच पित्त उठून धाप लागू शकते, किंवा एक-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, अंगावर चट्टे येतात. दोन्हींवर उपचार आहेत. पुन्हा वेळ आलीच, तर 'आधी ही इंजेक्शनं झालीत' हे डॉक्टरांना आल्याआल्या सांगा. मात्र त्या भीतीनं इंजेक्शन नाकारू नका.