दहा नावांची यादी

जळगाव,
१२ ऑगस्ट

चि. निखिल,


परवा फोनवर तू विचारत होतास आणि मध्येच तुझ्या बाबांनी फोन ओढून घेऊन तुझ्या दुखऱ्या करंगळीची चौकशी सुरू केली, त्यामुळे माझं उत्तर तोंडातच राहिलं. तुम्ही मंडळी दोन मीटिंगांच्या फटीत फोन करता. तेवढ्यात अशा गोष्टी सांगून होत नाहीत, म्हणून लिहिते आहे.

तुझे प्रश्न दोन होते. तुमची सॉफ्टबॉलची टीम सुरू करणारे ते टपालखात्यातले गृहस्थ आता साठीच्या पुढे गेलेत, त्यांना प्लेऑफला बाकावर बसवायचं का? आणि दुसऱ्या लीगमध्ये खेळणारा तो दांडगा हिटर दोन-तीन सामन्यांपुरता आणायचा का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते, ते लहान आहे. आणायचा नाही.

तो कितीही लांब मारत असो. लीगने खेळाडूंची नावं सुरुवातीलाच घेतली असतील, आणि प्लेऑफला उतरायचं तर आधी अमुक इतके सामने खेळलेले हवेत अशी अटही बहुधा असेल. तो कागद काढून वाच. एकाच्या नावावर दुसऱ्याला उतरवणं काय असतं ते मी पुरेसं पाहिलंय. आमच्या शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालच्या गटात मिसरूड फुटलेली पोरं जन्मदाखला हातात घेऊन उभी राहायची, आणि त्यांचे सर पंचांच्या टेबलापाशी उगाच बुटाची नाडी बांधत बसायचे. सापडलं तर सामना जातोच. नाही सापडलं, तर मे महिन्यापासून दर आठवड्याला ऑफिसातून धावत येणाऱ्या कुणातरी एकाला त्या पाहुण्यासाठी बाकावर बसावं लागतं, आणि बाकीचे सगळे ते बघत असतात. पुढच्या मे महिन्यात, तुमच्याकडच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात किती जण वेळेवर येतात ते मग मोजत बस.

पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल. कारण तुमचा खेळ म्हणजे मी आयुष्यभर शिकवला तो सॉफ्टबॉल नव्हे. आमचा फास्ट पिच. बारा इंची घेराचा चेंडू, हातात ग्लोव्ह, आणि पिचर चांगली असली की पुढची मुलगी बॅट फिरवेपर्यंत चेंडू कॅचरच्या हातात. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. करताना आम्ही निम्मा वेळ पिचरच घडवत होतो. तुमच्या शिकागोत चेंडू सोळा इंची, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या घेराच्या पावणेदोन पट. तो हळू, कमानीतून टाकायचा आणि पकडायचा उघड्या हातांनी. तिथे चेंडू बॅटला सगळ्यांच्याच लागतो. तुमचा सामना ठरतो तो चेंडू लागल्यानंतर, म्हणजे तो कोण अडवतं, कुठे फेकतं आणि तेवढ्यात कोण किती पळतं यावर. होमरन मारणाऱ्याचं कौतुक होतं, पण तुझे जे दोन पराभव तू मला रंगवून सांगितलेस, ते दोन्ही चुकीच्या बेसकडे फेकलेल्या चेंडूंनी झाले होते. तुझ्या लक्षात आलं का ते?

मागच्या उन्हाळ्यात तू मला ग्रँट पार्कात, हचिन्सन फील्डवर घेऊन गेला होतास. एका बाजूला उंच इमारती, दुसरीकडे सरोवर, आणि शर्ट बदलून ऑफिसातून थेट आलेले लोक. हा खेळ तुमच्या गावातच जन्मला, हे तुझ्या टीममधल्या अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं, मलाच सांगावं लागलं. १८८७ च्या थँक्सगिव्हिंगला फॅरागट बोट क्लबात येल आणि हार्वर्डच्या फुटबॉल सामन्याचा निकाल कळायची वाट बघत काही तरुण बसले होते. एकाने बॉक्सिंगचा ग्लोव्ह दुसऱ्याकडे भिरकावला, त्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या माणसाने तो ग्लोव्ह बांधून त्याचाच चेंडू केला, खडूने जमिनीवर बेस आखले आणि सामना लावला. त्या सामन्याचा निकाल ४१-४० लागला असं सांगतात. एक्क्याऐंशी रन आणि फरक एकाचा! तुमच्या सामन्यांचे आकडे अजूनही त्याच चालीचे असतात. म्हणून पहिल्या इनिंगला सहा रन खाल्ले म्हणून कुणी खांदे पाडले, तर त्याला हा आकडा सांग.

पुढे मंदीच्या वर्षांत हा खेळ शिकागोत घरोघरी गेला. मोठा, मऊ चेंडू लांब जात नाही, त्यामुळे गल्लीच्या टोकाची मोकळी जागाही पुरायची. आणि ग्लोव्ह घ्यायचे पैसे कुणाकडे होते? १९३३ च्या जागतिक प्रदर्शनात तिथेच मोठी स्पर्धा भरली. इतर शहरं लहान चेंडूकडे आणि ग्लोव्हकडे वळली, शिकागो मात्र हटून बसलं. १९७७ मध्ये तिथल्या पार्क डिस्ट्रिक्टने ग्लोव्ह घालायला परवानगी दिली, तर माइक रॉयको हा वर्तमानपत्रातला स्तंभलेखक चक्क कोर्टात गेला आणि जिंकला. पुलित्झर मिळवलेला माणूस, आणि भांडला कशासाठी, तर उघड्या हातांनी चेंडू पकडायच्या हक्कासाठी. मला हा मनुष्य न भेटताच आवडतो.

याचा तुला फायदा आहे आणि तो तू पुरता उचललेला नाहीस. तुझ्या टीममधली बरीच मुलं ग्लोव्ह घालून बेसबॉल खेळत मोठी झाली. त्यांचा एक हात पुढे जातो, दुसरा मागे लोंबकळतो. तू वाढलास शिवाजीनगरच्या मैदानावर, टेनिस बॉल आणि पुढे सीझन बॉल नुसत्या हातांनी झेलत. चेंडू येताना हात मागे घ्यायचे, बोटं चेंडूच्या तोंडावर रोखायची नाहीत, उंच झेल छातीशी ओढून घ्यायचा, हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही. सरावाचा एक दिवस नुसता यालाच दे आणि त्यांना शिकव. पण क्रिकेटची दुसरी सवय सोड. तू चेंडू अडवलास की आपोआप कॅचरकडे फेकतोस, जणू तिथे यष्ट्या आहेत. आधी पळणारा पुढे कुठे निघालाय ते बघ. आणि तो जाडा चेंडू लांबून थेट होमला फेकण्याचा हट्ट कुणालाच करू देऊ नकोस. मध्ये एक माणूस उभा करून दोन छोट्या फेकींत तो लवकर पोचतो. आमच्या मुलींना हे पटवायला मला एकेक सीझन लागायचा, कारण लांब फेकीला टाळ्या पडतात.

चेंडूचंही बघ. नवा असताना कडक असतो, तीन-चार इनिंगा मार खाल्ला की उशीसारखा होतो. म्हणजे लांब मारणारे जे कोणी आहेत, त्यांना सुरुवातीलाच दोनदा बॅट मिळेल असे वर ठेव. सहाव्या इनिंगला तोच फटका शॉर्ट सेंटरच्या, म्हणजे दहाव्या फील्डरच्या, हातात उतरतो. तेव्हा कामाला येतात ते माणसांच्या मधून, जागा हेरून चेंडू ढकलणारे.

आणि इथे तुझे टपालवाले काका येतात. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना खेळताना पाहिलंय. पळणं संपलंय, खरं आहे. पण बॅट हातात घेतल्यावर ते आधी दहाही जण कुठे उभे आहेत ते बघतात आणि मगच पाय रोवतात. त्या दिवशी त्यांनी मारलेला एकही चेंडू उंच गेला नाही. असा माणूस उशिराच्या इनिंगमध्ये बाकावर बसवणं मला तरी जमलं नसतं. फक्त त्यांना शेवटी दहाव्या नंबरावर टाकू नकोस, जे तू आत्ता करतोस. त्यांच्या मागून तुझा सगळ्यात चपळ पहिला बॅटर येतो आणि यांच्या पाठीशी अडकून पडतो. त्यांना पाच किंवा सहा नंबरला ठेव, चांगल्या पळणाऱ्याच्या मागे. पुढचा बेसवर असला की हे चेंडू उजवीकडे ढकलतील, तो दोन बेस जाईल. ते स्वतः आऊट झाले तरी चालेल. लीगमध्ये बदली धावणारा घेता येत असेल तर तेही विचारून ठेव. फील्डिंगला त्यांना कॅचर कर. तुमच्यात बेस चोरता येत नाही, त्यामुळे कॅचरला हाताच्या ताकदीपेक्षा डोकं लागतं. पिचरला मात्र नको, तिथून बॅटर फार जवळ असतो आणि सरळ आलेला चेंडू साठीच्या माणसाला चुकवता येत नाही.

तुझ्याकडे चौदा जण आहेत, म्हणजे चौघांना बाहेर बसावंच लागेल. त्यांना हे ग्रुपवर यादी टाकून कळवू नकोस. एकेकाला फोन कर, किंवा मैदानावर बाजूला घेऊन सांग, आणि कोणत्या इनिंगला आत घेणार तेही सांग. सांगितलंस की घ्यायचंही, सामना कितीही अडला असला तरी. राज्य स्पर्धेला जाताना राखीव मुलींशी मी कोरडेपणाने बोलायचे, गोड बोलायचे नाही, पण दिलेली इनिंग कधी मागे घेतली नाही.

प्लेऑफला आठ टीम, हरला तो घरी, म्हणजे तुम्हाला जिंकायचं तर तीन सामने. तुम्ही पाचव्या क्रमांकावर आहात याचा एवढा विचार करू नकोस. सात इनिंगांच्या एका संध्याकाळी, सरोवरावरून वारा फिरला तर पहिला नंबरही आठव्याकडून हरतो. क्रमांकाचा खरा उपयोग एवढाच की वरच्या टीमला बहुधा शेवटी बॅटिंग मिळते, म्हणजे किती रन हवेत ते त्यांना माहीत असतं. ते तुम्हाला माहीत नसणार. म्हणून दोन रनची आघाडी आली म्हणून सांभाळून खेळायला लागू नका, मारत राहा. आणि वेळेची मर्यादा प्लेऑफला लागू आहे की नाही ते आधी विचार. नाहीतर सहाव्या इनिंगला अंपायर घड्याळ दाखवेल आणि तू त्याच्याशी इंग्रजीत वाद घालत बसशील. अंपायरशी बोलायचं ते फक्त कॅप्टनने, आणि नियमाबद्दल. निर्णय डोळ्यांचा असेल तर गप्प. मी बरीच वर्षं त्या जागी उभी होते, ओरडणाऱ्याला पुढचा संशयाचा फायदा मिळत नाही, कोणी काहीही म्हणो.

आता जे तू विचारलंच नाहीस ते. तुझ्या बाबांची चौकशी तुला कटकट वाटली, पण करंगळी अजून सुजलेली आहे हे तूच त्यांना सांगितलंस. ग्लोव्ह घालून खेळायचं असतं तर शेजारच्या बोटाला पट्टीने बांधून चाललंही असतं. तुमच्या खेळात नाही चालणार. शॉर्टस्टॉपकडे कडक नवा चेंडू पहिल्याच इनिंगमध्ये येतो. दुखऱ्या बोटाचा माणूस हात पूर्ण पुढे नेत नाही, त्याला स्वतःला ते कळतही नाही, पण समोरच्या टीमला दोन इनिंगांत कळतं. शॉर्टस्टॉपला त्या मेकॅनिकल इंजिनिअरला घाल, ज्याला तू उगाच राइट फील्डला सडवतोयस. बॅट धरताना दुखत नसेल, आणि तुमच्या लीगमध्ये फील्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा जास्तीचा खेळाडू चालत असेल, तर तिथे तू. चालत नसेल, तर बाहेर बसणाऱ्या चौघांत पहिलं नाव तुझं, आणि पहिला फोन डॉक्टरला. बाकावरून टीम चालवता येते. उलट तिथून फील्ड जास्त चांगलं दिसतं, शॉर्ट सेंटरला पुढे घ्यायचं की मागे ते दर बॅटरला सांगता येतं.

टपालवाल्या काकांना सहावा नंबर देताना माझं नाव सांगू नकोस, ते तुझंच ठरवणं आहे. सामना झाला की मला स्कोअरशीटचा फोटो पाठव. निकाल तू फोनवर सांगशीलच, पण कोण कुठल्या बेसवर आणि कसं आऊट झालं ते मला वाचायचंय. मागच्या वेळी पाठवलेलं इतकं पुसट होतं की तिसरी इनिंग लागलीच नाही. पेन्सिल नको, पेनने लिहायला सांग.

तुझी,
आत्या