अराजक आणि अराज्य

समुद्राला मिळण्यापूर्वी कावेरी अनेक शाखांत विभागली जाते. तिच्या गाळावर पसरलेला सपाट, भातशेतीचा मुलूख म्हणजे पूर्वीचा तंजावर जिल्हा. या त्रिभुज प्रदेशाच्या उत्तर भागात, कोल्लिडम या शाखेच्या दक्षिणेस, शीरकाळी हे प्राचीन देवस्थानाचे गाव आहे. त्याच्या जवळच एरुक्कूर नावाचे खेडे आहे. २०२० पासून हा भाग मयिलाडुतुरै जिल्ह्यात मोडतो. या एरुक्कूर गावी १८८९ मध्ये नीलकंठ ब्रह्मचारी यांचा जन्म झाला. त्यापूर्वी दोन वर्षे, १८८७ मध्ये, मद्रास येथे मंडयम् पार्थसारथी तिरुमल आचार्य यांचा जन्म झाला होता. दोघांचेही मार्ग तारुण्यात पाँडिचेरीवरून गेले आणि दोघांनीही लहान नियतकालिकांची कास धरली. त्यांच्या पिढीतील अशा तरुणांना ब्रिटिश सरकार एकाच नावाने ओळखत असे. ते नाव म्हणजे ‘अराजकवादी’.

या नावाची छाननी करणे अगत्याचे आहे. कारण त्या दोघांपैकी ते नाव खऱ्या अर्थाने एकालाच लागू पडले, आणि तेही सरकारला अभिप्रेत असलेल्या अर्थाने नव्हे.

सरकारचा शब्द

विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी अहवालांत बाँब, पिस्तूल, गुप्त मंडळी आणि राजद्रोही मजकूर या सर्वांची वासलात ‘अराजक’ या एका शब्दाने लावली जाई. रौलट कायदा म्हणून जो कुप्रसिद्ध झाला, त्या १९१९ च्या अधिनियमाच्या औपचारिक नावातही ‘अराजक व क्रांतिकारी गुन्हे’ असाच उल्लेख होता. या शब्दामागे एक युक्तिवाद दडलेला होता. सरकार म्हणजे सुव्यवस्था. म्हणून जो सरकारच्या विरुद्ध, तो सुव्यवस्थेच्याच विरुद्ध. परक्या सत्तेला विरोध करणाऱ्याला स्वतःचे राज्य हवे असू शकते, ही साधी गोष्ट या युक्तिवादाने झाकून टाकली जाई.

युरोपात या शब्दाला वेगळा इतिहास होता. प्रूदाँ, बाकुनिन आणि क्रपॉट्किन यांच्या लेखनातून एक स्वतंत्र राजकीय तत्त्वज्ञान आकाराला आले होते. माणसांनी परस्परसहकार्याने, स्वेच्छेने स्थापन केलेल्या संघांच्या द्वारे आपले व्यवहार चालवावेत. त्यासाठी दंडशक्तीवर उभ्या असलेल्या राज्यसंस्थेची गरज नाही, असे हे तत्त्वज्ञान सांगते. मराठीत त्याला ‘अराज्यवाद’ म्हणतात. अराजक म्हणजे बजबजपुरी. अराज्य म्हणजे राज्यकर्त्यावाचून चालणारी व्यवस्था. दोहोंतील अंतर एका अक्षराएवढे दिसत असले, तरी विचारांच्या दृष्टीने ते फार मोठे आहे.

पाँडिचेरीची पत्रे

१९०६ मध्ये मद्रास येथे ‘इंडिया’ हे तमिळ साप्ताहिक सुरू झाले. मंडयम् कुटुंबाचा त्याला आधार होता आणि कवी सुब्रह्मण्य भारती हे त्याचे संपादन करीत. १९०८ हे वर्ष अशा पत्रांच्या दृष्टीने अत्यंत कठीण ठरले. त्या वर्षीच्या जुलैत ‘केसरी’तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. त्याच वर्षी ‘इंडिया’चे नोंदणीकृत संपादक श्रीनिवासन यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा पत्राचे बिऱ्हाड फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरीला हलविण्यात आले. भारती तेथे गेले; एकवीस वर्षांचे आचार्यही त्या कामात होते.

पाँडिचेरीत छापखान्यावर ब्रिटिशांचा हुकूम चालत नव्हता. मात्र वाचक मुख्यतः ब्रिटिश मुलुखात होता आणि अंक त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचा मार्ग ब्रिटिशांच्या टपालातून जात होता. म्हणून सरकारने छापखान्याऐवजी वाटपावर घाला घातला. ब्रिटिश हद्दीत पत्राला बंदी झाली आणि १९१० मध्ये ‘इंडिया’ बंद पडले. लहान नियतकालिकाचे मर्मस्थान कोठे असते, हे या घटनेवरून ध्यानात येते. लिहिणारा निर्भय असू शकतो, छापणारा सुरक्षित जागी असू शकतो. परंतु अंक वाचकाच्या हाती पडला नाही, तर दोघांचेही श्रम वाया जातात.

नीलकंठ ब्रह्मचारी यांनी पाँडिचेरीतील ‘सूर्योदयम्’ या पत्राचे संपादन केले. त्याच सुमारास दक्षिणेकडील जिल्ह्यांत फिरून त्यांनी तरुणांची गुप्त संघटना बांधली. तीत वांचीनाथन् हे होते. १७ जून १९११ रोजी मणियाच्ची स्थानकावर वांचीनाथन् यांनी तिरुनेलवेलीचे कलेक्टर अ‍ॅश यांच्यावर गोळी झाडली आणि नंतर स्वतःचाही अंत करून घेतला. त्यानंतरच्या कटाच्या खटल्यात नीलकंठ हे प्रमुख आरोपी ठरले व त्यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. पुढे त्यांचा संबंध मद्रासच्या पहिल्या कम्युनिस्ट गटाशी आला. पुन्हा दीर्घ कारावास घडला. उत्तरायुष्यात त्यांनी राजकारण सोडले. नंदी टेकडीच्या परिसरात ओंकारस्वामी म्हणून ते राहिले आणि १९७८ मध्ये वारले. त्यांच्या आयुष्यात बंड होते, त्याग होता. परंतु अराज्यवाद नव्हता. त्यांना परकीयांचे राज्य घालवून स्वकीयांचे राज्य आणावयाचे होते.

आचार्यांचा प्रवास

आचार्य १९०८ च्या अखेरीस देशाबाहेर पडले. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये त्यांचा सावरकर आणि तिरुचिरापळ्ळीकडचे व. वे. सु. अय्यर यांच्याशी सहवास घडला. तेव्हा तेही राष्ट्रवादीच होते. पुढील दहा वर्षे पॅरिस, बर्लिन, कॉन्स्टँटिनोपल आणि अमेरिका अशा ठिकाणी भटकण्यात गेली. १७ ऑक्टोबर १९२० रोजी ताश्कंद येथे भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली, तेव्हा अध्यक्षस्थान आचार्यांकडे होते. परंतु मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले आणि काही महिन्यांतच ते पक्षाबाहेर फेकले गेले.

या अनुभवातून त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. रशियातील झारशाही गेली. मग तिच्या जागी आलेली सत्ता सामान्य माणसाला मुक्त का करीत नाही? राज्ययंत्र नव्या हाती गेले तरी त्याचा स्वभाव बदलत नाही, असे त्यांनी मिळविलेले उत्तर होते. १९२२ च्या डिसेंबरात बर्लिन येथे अराज्यवादी कामगार संघटनांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला आचार्य उपस्थित होते. तेव्हापासून शेवटपर्यंत ते अराज्यवादी राहिले.

त्यानंतरचे त्यांचे जीवन म्हणजे एका स्वतंत्र लेखकाचे जीवन होय. मागे पक्ष नाही, संस्थेचे वेतन नाही. न्यूयॉर्कचे ‘रोड टु फ्रीडम’, सॅन फ्रॅन्सिस्कोचे ‘मॅन’, फ्रान्समधील ‘लाँ दओर’, लंडनचे ‘फ्रीडम’ अशा पत्रांतून ते लिहीत. ही पत्रे बहुधा एखाददुसऱ्या माणसाच्या चिकाटीवर आणि वर्गणीदारांच्या तुटपुंज्या पैशांवर चालत. त्यांचा प्रसार मोठा नव्हता. पण त्यांत छापण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती.

१९३५ मध्ये आचार्य मुंबईस परतले. त्यांच्या पत्नी माग्दा नाखमान या रशियन चित्रकर्तीही पुढे तेथेच आल्या. १९३७ मध्ये आचार्यांच्या आठवणी पुण्याच्या ‘मराठा’ या पत्रात क्रमशः प्रसिद्ध झाल्या. टिळक-आगरकरांच्या पिढीने १८८१ मध्ये सुरू केलेल्या या इंग्रजी पत्राने एका तमिळ क्रांतिकारकाला स्थान दिले, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. मुंबईत रणछोडदास भवान लोटवाला यांनी चालविलेल्या संस्थेचा त्यांना आधार मिळाला. हेच लोटवाला १९२२ मध्ये डांगे यांच्या ‘सोशॅलिस्ट’ या पत्राच्या पाठीशी उभे राहिले होते. देश स्वतंत्र झाल्यावरही आचार्यांची लेखणी थांबली नाही. सत्ता दिल्लीत एकवटली, तर गोरा अधिकारी जाऊन काळा अधिकारी येईल एवढाच फरक पडेल, अशी त्यांची भीती होती. माग्दा १९५१ मध्ये वारल्या. आजारपण आणि दारिद्र्य सोशीत आचार्य मुंबईतच २० मार्च १९५४ रोजी निधन पावले.

खेड्याची कसोटी

आचार्यांचा विचार कितपत टिकणारा आहे? पहिल्या प्रकरणातील त्या त्रिभुज प्रदेशातच त्याची कठोर परीक्षा घेता येते. तेथील खेड्यांत सामान्य कुळाला सरकार क्वचितच भेटे. रोज भेटे तो मिरासदार. जमीन त्याची, आणि बहुतांशी दलित जातींतून आलेला ‘पण्णैयाळ’ म्हणजे शेतगडी त्याच्या ताब्यात. १९५२ मध्ये कुळे आणि पण्णैयाळ यांच्या संरक्षणासाठी तंजावरपुरता जो कायदा झाला, तो राज्यसंस्थेनेच केला. तरीही २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी येथे मजुरीच्या तंट्यातून शेतमजुरांची वस्ती पेटविण्यात आली आणि ४४ माणसे जळून मेली. त्यांत स्त्रिया व मुले यांचीच संख्या अधिक होती.

या घटनेवरून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष काढता येतात. एक असा की, दुर्बळाला राज्यसंस्थेवाचून त्राता नाही. दुसरा असा की, कायदा असूनही राज्यसंस्था त्याला वाचवू शकली नाही. अराज्यवादाचे खरे उत्तर या दोहोंच्या पलीकडचे आहे. राज्यसत्ता आणि मालमत्तेची सत्ता ही दोन वेगळी बंधने नसून एकाच साखळीची दोन टोके आहेत, असे तो मानतो. केवळ सरकार दूर सारले आणि जमीन मिरासदाराकडेच ठेवली, तर उरते ते अराज्य नव्हे. ते मिरासदाराचे राज्य होय. हा भेद विसरून जो ‘स्वयंपूर्ण खेड्या’ची स्तुती करील, त्याने कीळवेण्मणीचे स्मरण ठेवावे. आणि हा भेद जाणूनही बलवान मालकापासून जमीन सोडवून घेण्याचे काम दंडशक्तीवाचून कसे साधावे, हा प्रश्न अराज्यवाद्यांनी समाधानकारक रीतीने सोडविलेला नाही, हेही मान्य केले पाहिजे.

तथापि एखादा विचार अपुरा ठरला म्हणून त्याचा उच्चार निरर्थक ठरत नाही. नव्या राज्याच्या जन्मोत्सवात त्या राज्याच्या धोक्यांविषयी बोलणारी माणसे थोडी असतात. त्यांना मोठ्या पत्रांत जागा मिळत नाही. म्हणून ती चार पानी अंकांचा आसरा घेतात. एरुक्कूरच्या तरुणाने पाँडिचेरीत चालविलेले पत्र आणि मुंबईच्या आजारी लेखकाने सातासमुद्रापार धाडलेले लेख यांत मतांचे साम्य थोडे आहे. साम्य आहे ते एवढेच की, आपल्याला जे सांगावयाचे आहे ते सांगण्यासाठी दोघेही कोणाच्या अनुज्ञेची वाट पाहत बसले नाहीत. सरकारने या वृत्तीला अराजक म्हटले. वाचकाने तिला तिचे योग्य नाव द्यावे.