औषधाची सवय जंतूला लागते का?

प्रश्न : पऱ्हाटीवर करप्याचे ठिपके दिसले की आम्ही कृषी केंद्रातून स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी आणून फवारतो. आजोबांना टीबी झाला होता तेव्हा त्यांना स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली होती, असं घरी सांगतात. ही दोन्ही औषधं एकच का? आणि पुढे पुढे औषध चालेनासं होतं, म्हणजे जंतूंना त्याची सवय लागते का?
– एक वाचक, झरी जामणी (जि. यवतमाळ)

उत्तर : औषध तेच. तुमच्या पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लीन असतं. १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात, सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याला स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालं. टीबीवर लागू पडलेलं ते पहिलं प्रतिजैविक.

सवयीचं मात्र तसं नाही. जंतू औषधाला सरावत नाही. औषध न मानणारा एखादा जंतू त्या गर्दीत आधीपासूनच असतो. औषध बाकीच्यांना मारतं आणि त्याला मैदान मोकळं करून देतं. १९५२ साली एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या दांपत्याने हे फार सुंदर रीतीने दाखवलं. औषध नसलेल्या बशीत जंतू वाढवले. तिच्यावर मखमलीचा तुकडा हलकेच दाबला आणि तोच तुकडा स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या बशीवर टेकवला. दुसऱ्या बशीत जिथे जंतू तगले, नेमक्या त्याच जागेवरचे जंतू पहिल्या बशीतून उचलले आणि पुन्हा पुन्हा तेच केलं. अखेर औषधाचा थेंबही कधी न लागलेले, तरी त्याला दाद न देणारे जंतू हाती आले. बदल आधीचा होता, औषध नंतरचं.

हा बदल नेमका असतो कुठे? प्रत्येक जंतूच्या पेशीत हजारो रायबोसोम असतात. जनुकातला मजकूर वाचून ते प्रथिनं तयार करतात. स्ट्रेप्टोमायसिन जंतूच्या रायबोसोमच्या लहान भागात जाऊन बसतं आणि वाचन बिघडवतं. शिंप्याने मापाची वही चुकीची वाचावी, तसे मग एकामागून एक कपडे बिघडत जातात. औषध जिथे बसतं तिथेच एस-१२ नावाचं रायबोसोमचं स्वतःचं एक प्रथिन आहे. टीबीच्या जंतूत त्याच्या ४३ व्या जागेवर लायसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. जनुकातलं एक अक्षर, एकच, बदललं की तिथे आर्जिनिन येतं आणि औषधाची पकड सुटते. आणि खरी काळजीची गोष्ट पुढेच आहे. अनेक बदल जंतूला महागात पडतात, त्याची वाढ मंदावते. या बदलाने जंतूचं जवळपास काहीच बिघडत नाही, म्हणून औषध बंद केलं तरी असा जंतू सहजासहजी मागे पडत नाही.

रायबोसोमचा हा लहान भाग आणि त्यात बसलेलं स्ट्रेप्टोमायसिन २००० साली अणूंच्या पातळीवर पाहता आलं. ते वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाचं काम. त्यांना २००९ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारा जंतू लाखोंत एखादाच निघतो. पण टीबीने फुप्फुसात पोकळी पडली की तिथे जंतू दहा कोटींच्या घरात असू शकतात. म्हणूनच ब्रिटनमधल्या १९४८ च्या गाजलेल्या चाचणीत आनंद टिकला नाही. सहा महिन्यांत नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ रुग्णांपैकी १४ दगावले, स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या ५५ पैकी चारच. पुढे मात्र बहुतेकांचे जंतू औषधाला जुमानेनासे झाले. टीबीला एका वेळी तीन-चार औषधं देतात ती याचसाठी. एकाला चुकवणारा जंतू सापडेल, पण एकाच वेळी सगळ्यांना चुकवणारा सापडणं जवळजवळ अशक्य. गोळ्या मध्येच सोडल्या किंवा त्यातली एखादीच घेतली, की हे गणित कोसळतं. आज बहुऔषधी प्रतिकारक टीबीसाठी वापरतात ते लिनेझोलिडही रायबोसोमवरच बसतं, त्याच्या मोठ्या भागावर. तिथे एल-३ या प्रथिनात १५४ व्या जागी बदल झाला की तेही निकामी होतं.

शेतातही हेच घडतं. कॅलिफोर्नियातल्या पेअरच्या बागांत १९७१ साली स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारे रोगजंतू आढळले. पुढे त्यांची तपासणी झाली तेव्हा बदल एस-१२ च्या त्याच ४३ व्या जागेवर निघाला. तुमच्या फवाऱ्यातून हा बदल टीबीच्या जंतूत जाणार नाही; तो ज्या जंतूत झाला त्याच्याच वंशात राहतो. पण स्ट्रेप्टोमायसिनला निष्प्रभ करणारी दुसरी काही जनुकं आहेत. ती एका जातीच्या जंतूतून दुसऱ्या जातीत जाऊ शकतात, आणि पिकांच्या व माणसांच्या, दोन्हींच्या जंतूंत ती सापडली आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन या दोन्ही औषधांवर बंदीच्या आदेशाचा मसुदा काढला तो याच भीतीने. मला ती भीती रास्त वाटते.

तेव्हा पुडी आणण्याआधी पान उजेडात धरून बघा. जिवाणूचा ठिपका आधी पाणथळ दिसतो आणि शिरांमध्ये अडकल्यामुळे कोनाकृती होतो. ठिपके गोल असतील, त्यात वलयं दिसत असतील, तर ती बहुधा बुरशी. बुरशीच्या रायबोसोमची घडण वेगळी असते, त्यामुळे स्ट्रेप्टोसायक्लीन तिचं काहीच करत नाही. तुमचे पैसे जातात आणि पानावरच्या इतर जंतूंत न मरणारे तेवढे मागे राहतात. शंका असेल तर ते पान पिशवीत घालून कृषी सहायकाला दाखवा, मग फवारणीचं ठरवा.