गावची शिरगणती आणि गावचा कारभार
(परिसर अभ्यास : इयत्ता चौथी व पाचवी)

जिल्ह्याची लोकसंख्या विचारताच मुले पाठ केलेला आकडा घडाघडा म्हणतात; परंतु त्या आकड्यात आपल्याच वाडीतील माणसे आहेत, याची जाणीव त्यांस क्वचितच असते. ती जाणीव करून देणे, हा या पाठाचा उद्देश होय. उदाहरणादाखल येथे सिंधुदुर्ग जिल्हा घेतला आहे.

प्रस्तावना : पाठाचा आरंभ जिल्ह्यापासून न करता घरापासून करावा. ‘तुमच्या घरी माणसे किती?’ असे प्रत्येकास विचारावे. एक मूल मुंबईचे काका-काकू धरून सांगेल, दुसरे त्यांना वगळील. गणेशचतुर्थीस भरलेले घर विसर्जनानंतर ओस पडते. मग खरी संख्या कोणती? मुलांस थोडा वेळ वाद घालू द्यावा व नंतर नियम सांगावा : जनगणनेच्या काळात मनुष्य जेथे राहत असेल, तेथेच त्याची गणना होते. चाकरमान्याचे घर, जमीन आणि देव गावी असले, तरी तो मुंबईतच मोजला जातो.

विवेचन : रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. सावंतवाडी, कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, देवगड, कणकवली, वैभववाडी व दोडामार्ग हे त्याचे आठ तालुके. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती; २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. ही वजाबाकी मुलांकडून फळ्यावर करून घ्यावी. २०११ साली दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. पुरुष कामधंद्यासाठी बाहेर जातात, हे त्याचे एक प्रमुख कारण. शंभरांपैकी सुमारे ८७ माणसे खेड्यांत राहत होती.

या खेड्यांचा कारभार ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद अशा तीन पायऱ्यांनी चालतो. १९६१ च्या कायद्यान्वये १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ग्रामपंचायतीचे सदस्य किती असावेत, हे लोकसंख्येवरून ठरते. दीड हजारापर्यंत सात, त्यापुढे तीन हजारांपर्यंत नऊ, असे वाढत ते सतरापर्यंत जातात. समजा, एका गावची लोकसंख्या १,५४० आहे. पुढील गणनेत साठ माणसे कमी भरली, तर पंचायतीतील दोन जागा कमी होतील. एवढे उदाहरण दिल्यावर आकड्याचे मोल मुलांस वेगळे सांगावे लागत नाही.

विचारप्रवर्तक प्रश्न : देवगड भागातील आंब्याच्या बागांत राखणीसाठी नेपाळातून माणसे येतात, काहींची मुलेबाळेही बरोबर असतात. त्या खोपटातील मूल आपल्या गावचे समजावे काय? मुले बहुधा ‘नाही’ म्हणतील. त्यांस प्रारंभीचा नियम आठवण्यास सांगावे. ज्या नियमाने मुंबईचे काका मुंबईत मोजले गेले, त्याच नियमाने गणनेच्या वेळी बागेत राहणारे हे मूल आपल्या गावात मोजले जाते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शाळेचे दार उघडे केले आहे. म्हणून पट घसरतो अशी खंत करणाऱ्या शाळेने आधी बागेतील खोपटापर्यंत जाऊन यावे.

शिक्षकांस सूचना : २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही, पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविण्यात आला. प्रगणकाचे काम बहुतांशी शिक्षकांकडेच येते. वाडीच्या टोकाचे घर त्यांच्याकडून राहिले, तर ते पुढील गणनेपर्यंत राहूनच जाते.

स्वाध्याय :
१. आपल्या वाडीचा नकाशा काढून प्रत्येक घरी आज राहणाऱ्या माणसांची संख्या लिहा.
२. बाहेरगावी गेलेल्यांची व बाहेरून आलेल्यांची निरनिराळी यादी करा.
३. आपल्या ग्रामपंचायतीत किती सदस्य आहेत, ते विचारून लिहा. ही संख्या कशावरून ठरली?