आईच्या पासबुकावर तुझं नाव

अगं, आधी ती फाइल मिट आणि चहा घे. आई भाईंदरला एकटी, तू ठाण्यात, बाबांमागचा सगळा कागदांचा व्याप तुझ्या गळ्यात. गांगरायला होणारच. पण शेजारच्या काकू म्हणाल्या 'जॉइंट करून टाक', म्हणून लगेच सही ठोकू नकोस.

खरं सांगू का, सगळी गोम 'मोड ऑफ ऑपरेशन' या एका रकान्यात आहे. काउंटरवर घाईत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'वर खूण होऊन जाते. म्हणजे दोघींपैकी कुणीही एकटीने सगळे पैसे काढू शकते. तू नाही काढणार गं! पण उद्या तिथे दादाचं नाव लागलं आणि त्याच्या धंद्याला निकड आली तर? 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'मध्ये आई आहे तोवर व्यवहार तिचाच, तिच्यामागे तुझा. 'जॉइंटली' घेतलंस तर दरवेळी दोघींच्या सह्या. शंभर रुपयांसाठीही तू दादरला गाडी बदलून भाईंदर गाठायचं.

मला विचारशील तर एफडी आणि मोठी रक्कम 'फॉर्मर'मध्ये ठेव. पण बघ, आई दवाखान्यात असली तरी त्या पैशांना तुला हात लावता येत नाही. म्हणून एक छोटं खातं 'आयदर'चं उघड. त्यात दोन-तीन महिन्यांची औषधं, किराणा आणि कामवाल्या ताईंचा पगार निघेल एवढंच. आणि आईमागे मुदतीआधी एफडी मोडायची वेळ आली, तर त्याची परवानगी दोघींनी आधीच लेखी दिलेली हवी. हे बहुतेक कुणी आपणहून सांगत नाही, तूच विचार.

तिचा हात थरथरतो म्हणून रडकुंडीला येऊ नकोस. आजारी माणसाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी. सत्तरी उलटलेल्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय.

नॉमिनी हे वेगळंच प्रकरण. तो मालक नसतो, वारसांच्या वतीने पैसे घेणारा असतो; आणि जॉइंट खात्यात दोघीही गेल्यावरच त्याची पाळी येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नावं देता येतात, म्हणजे भावंडांचे रुसवे तरी टळतील.

हे सगळं आईला मात्र आधी घरीच सांग, भाजी निवडता निवडता. 'तुला कळत नाही, सही कर' असं चुकूनही म्हणू नकोस. आयुष्यभर घर तिनेच चालवलंय. बँकेत गेलात की तू बाहेर बाकावर बस, मॅनेजरला तिच्याशी एकटीशी बोलू दे. ती 'नको' म्हणाली तर नको.

दोघींचं पॅन, आधार, फोटो घे. आणि आईचा चष्मा! मी सासूबाईंचा टीव्हीवर विसरले होते, तेव्हा अर्ध्या वाटेतून रिक्षा घरी परत फिरवली होती. वर बोलणी खाल्ली ती वेगळीच.