माकुळाची पिले

उष्ण कटिबंधातील सागरात रात्री बारीक आसाचे जाळे ओढले, तर तांदळाच्या दाण्याहूनही लहान, काचेसारखी पारदर्शक अशी माकुळाची पिले त्यात सापडतात. पिलाचे रूप मातापित्यांहून निराळे असते. म्हणून त्याची जात ओळखणे कठीण. अरबी समुद्रातील जांभळ्या पाठीच्या माकुळाचे पिलू पाहा. त्याचे दोन लांब बाहू सोंडेप्रमाणे एकत्र जुळलेले असतात व वाढीबरोबर विलग होतात. सोंडेवरील चूषक आणि अंगावरील रंगबिंदू पाहून अभ्यासक जात ठरवितात. पिले प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. परंतु नुकतेच जन्मलेले पिलू जेथे सापडते, तेथून विणीचे स्थान जवळच असते. ते स्थान ज्ञात झाले, तरच विणीच्या काळात तेथील मासेमारी आवरता येईल. चिमुकल्या पिलाची नेमकी ओळख अशी साऱ्या जातीच्या रक्षणास उपयोगी पडते.