जुगाराचे दार आपल्याच हाताने बंद करा

दिवाळीनंतर आपल्या भागात मंडईचे दिवस सुरू होतात. नाटके रंगतात, पाहुणेरावळे येतात आणि काही ठिकाणी गावाबाहेर कोंबडबाजारही भरतो. सट्टापट्टी तर बारमाही असते. आता पैशाचे खेळ मोबाईलमधून थेट खिशात आले आहेत. हौसेने दोन-चार वेळा पैसे लावून थांबणारे पुष्कळ असतात. ज्यांना थांबताच येत नाही, त्यांना मात्र आपण लबाड, बेजबाबदार म्हणून मोकळे होतो. वास्तविक हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत जुगाराचे व्यसन दारूच्या व्यसनाच्या गटातच नोंदलेले आहे.

हे व्यसन जडते कसे? बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले की मेंदूतील डोपामिन या रसायनाचा खेळ अधिक जोरात चालतो. त्यामुळे अधूनमधून जिंकणारा माणूसच जास्त गुंततो. आकडा थोडक्यात हुकला की 'आता लागणारच' असे वाटते. खरे तर तीही हारच असते. मग गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे सुरू होते. ही या आजाराची मोठी खूण आहे. खोटे बोलणे, लपवून उसनवारी करणे, दागिने गहाण टाकणे, न खेळल्यास चिडचिड होणे या इतर खुणा होत. असा रुग्ण दवाखान्यात जुगाराचे नाव काढीत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, पोटात जळजळते, अशी तक्रार घेऊन तो येतो.

या आजारावर काही देशांत एक चांगला उपाय वापरतात. खेळणारा स्वतःच अर्ज करून आपल्यावर प्रवेशबंदी घालून घेतो. ब्रिटनमध्ये २०१८ पासून 'गॅमस्टॉप' ही योजना आहे. तेथे नाव नोंदवले की परवानाधारक ऑनलाइन जुगार कंपन्यांची दारे एकदम बंद होतात. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे अशी मुदत निवडता येते आणि ती संपेपर्यंत बंदी मागे घेता येत नाही. सिंगापूरमध्ये तर कुटुंबीयांनाही कॅसिनोबंदीसाठी अर्ज करता येतो. यामागचे तत्त्व सोपे आहे. तलफ नसताना शांत डोक्याने घेतलेला निर्णय तलफ आल्यावर मोडता येऊ नये, म्हणून कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची.

आपल्याकडे काही रमीच्या अ‍ॅपवर अशी सोय होती. पण एक अ‍ॅप बंद केले तरी दुसरे उघडे राही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तरीही चोरट्या वाटा राहतातच. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली, तरी चोरटी दारू रोखण्यासाठी गावोगावच्या महिलांना संघटना करून राखण करावी लागली, हे आपण पाहिले आहे. सट्टापट्टी घेणारा तर कोणाचे नाव वगळण्याची यादी ठेवीत नाही. म्हणून आपली बंदी आपणच घरात घालून घ्यावी. ती अशी :

१) एका कागदावर 'अमुक तारखेपासून एक वर्ष मी पैसे लावणार नाही' असे लिहून सही करावी. पत्नी, भाऊ किंवा विश्वासू मित्राची साक्ष घ्यावी व कागद त्यांच्याकडेच ठेवावा.

२) धानाचे चुकारे, तेंदूपत्त्याची मजुरी, खाणीतला पगार हाती येतो तेव्हा मोह सर्वांत मोठा असतो. पैसे येताच ते दोघांच्या सहीशिवाय निघणार नाहीत अशा संयुक्त खात्यात वळवावेत. एटीएम कार्ड घरच्यांकडे द्यावे. मोबाईलवरून पैसे पाठवण्याची रोजची मर्यादा बँकेतून कमी करून घ्यावी.

३) खेळाची व झटपट कर्जाची अ‍ॅप काढून टाकावीत. आकडे सांगणारे गट सोडावेत.

४) ज्या पानठेल्यावर पट्टी लावली जाते, तो रस्ता काही महिने टाळावा. सोबत्यांना स्पष्ट सांगावे.

पहिले काही आठवडे बेचैनी वाटते, झोप उडते. तलफ लाटेसारखी येते आणि थोड्या वेळाने ओसरते. तेवढा वेळ कामात किंवा माणसांत काढावा. दारू टाळावी, कारण ती केलेला निश्चय ढिला करते. एखाद्या वेळी तोल गेला तरी बंदी मोडली असे समजू नये. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाळावी.

घरच्यांनी टोमणे मारू नयेत, पण पैसेही देऊ नयेत. कर्ज फेडायचे असल्यास रक्कम रुग्णाच्या हाती न देता थेट देणेकऱ्याला द्यावी. कंपवातावरील काही गोळ्यांमुळेही क्वचित जुगाराची ओढ लागते. तसे वाटल्यास गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

एवढे करूनही जमत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. सोबत नैराश्य असल्यास त्यावर औषधे आहेत. कर्जात बुडालेल्या रुग्णाच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ शकतात. मरणाची भाषा निघाली तर ती धमकी समजू नये. रुग्णाला एकटे सोडू नये, शेतीची औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तेथे मराठीत बोलता येते व पैसे लागत नाहीत.

ज्यांच्या घरी हा त्रास आहे त्यांनी पुढचा चुकारा खात्यात जमा होण्याआधीच हा कागद लिहून घ्यावा.